क्रीमी सॉस घरी करताना कशाच्या ऐवजी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हाइट सॉस, आल्फ्रेडो, पिंक सॉस, चीज सॉस, मेयोनीज. या सगळ्यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. बहुतेक प्रश्नांचा सूर एकच असतो: “रेसिपीत अमुक लिहिलंय, ते घरात नाही, मग काय घालू?” मापांबद्दल आधीच सांगते. कप म्हणजे २४० मिली., टेबलस्पून १५ मिली. आणि टीस्पून ५ मिली. वाटीने करणार असाल तर सगळंच वाटीच्या हिशेबात घ्या, म्हणजे प्रमाण बिघडणार नाही.

१. क्रीमच्या ऐवजी काय वापरायचं? एकच काहीतरी सांगा ना, लक्षात ठेवायला सोपं.

एकच सांगितलं तर निम्म्या वेळा सॉस बिघडेल. क्रीम प्रत्येक पदार्थात वेगळं काम करत असतं. टोमॅटोच्या सॉसमध्ये ते आंबटपणा मऊ करतं. मशरूमच्या सॉसला ते दाटपणा आणि स्निग्धपणा देतं. सूपवर शेवटी घातलेलं चमचाभर क्रीम चवीपुरतंच असतं. म्हणून आधी बघा, इथे क्रीम नेमकं कशासाठी आहे. स्निग्धपणा हवा असेल तर साय किंवा लोणी, दाटपणा हवा असेल तर मैदा, कॉर्नफ्लोअर किंवा काजू, आणि हलका आंबट मऊपणा हवा असेल तर चक्का. मैदा-लोण्याच्या व्हाइट सॉसला मुळात क्रीम लागतच नाही. पुष्कळ जण ते सवयीने घालतात आणि मग सॉस जड होतो.

२. परदेशी रेसिपीत ‘हेवी क्रीम’ लिहिलंय. अमूलचं फ्रेश क्रीम चालेल का?

सॉसला चालेल. फरक एवढाच, की फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो आणि अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के. हेवी क्रीम खळखळ उकळून आटवलं तरी टिकतं, आपलं फ्रेश क्रीम तसं केलं तर फुटू शकतं. म्हणून “क्रीम घालून दहा मिनिटं उकळा” अशी सूचना असेल तिथे बाकीचा सॉस आधी आटवून घ्या आणि क्रीम शेवटी मंद आचेवर घाला. एक कप फ्रेश क्रीममध्ये २ टेबलस्पून लोणी विरघळवलं, तर स्निग्धांश तिसाच्या आसपास जातो आणि चवही जवळ येते.

एक मात्र टाळा. केकवर लावायला जे ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून मिळतं, त्यातलं बरंचसं वनस्पती तुपापासून केलेलं आणि साखर घातलेलं असतं. पास्त्यात ते घातलं तर सॉस गोड होतो आणि मग तो दुरुस्त करता येत नाही. पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

३. घरची साय वापरली तर सॉसमध्ये तुकडे का दिसतात?

साय म्हणजे नुसता स्निग्धांश नव्हे. दूध तापताना त्यातली प्रथिनंही सायीबरोबर जमून येतात, आणि तेच पापुद्रे सॉसमध्ये तरंगतात. उपाय सोपा आहे. अर्धा कप थंड साय आणि २-३ टेबलस्पून थंड दूध एकत्र करून रवीने किंवा चमच्याने सारखं करा आणि चहाच्या गाळणीतून दाबून काढा. मिक्सर लावायचाच असेल तर दोन-तीन झटके पुरे. जास्त फिरवलंत तर लोणी निघेल.

साय एक-दोन दिवसांचीच हवी. तुपासाठी आठवडाभर साठवलेल्या, विरजण लावलेल्या सायीला आंबूस वास येतो. तुपात तो कढताना निघून जातो, सॉसमध्ये मात्र राहतो. आणि ती आंबट असल्यामुळे गरम दुधात फुटतेही.

४. क्रीमही नाही, सायही नाही आणि पाहुणे दारात आहेत. काय करू?

पाऊण कप फुल क्रीम दूध कोमट करा, पाव कप वितळलेलं लोणी त्यात घाला आणि हँड ब्लेंडरने किंवा मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा. फुल क्रीम दुधात ६ टक्के आणि लोण्यात ८० टक्के स्निग्धांश धरला, तर हे मिश्रण साधारण २४ टक्क्यांवर येतं, म्हणजे फ्रेश क्रीमच्या अगदी जवळ. लगेच वापरा, ठेवलं की लोणी वर येतं.

दुसरा मार्ग दूध पावडरचा. एक कप दुधात ३ टेबलस्पून पावडर घातली की दूध चांगलं दाट होतं. पण पावडर नुसती दुधाचीच हवी. ‘डेअरी व्हाइटनर’ नावाने जे चहासाठी मिळतं त्यात साखर असते. मिल्कमेड वगैरेचा तर प्रश्नच नाही. परदेशात असाल तर डब्यातलं बिनसाखरेचं ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ मिळतं, ते जसंच्या तसं चालतं.

५. मैदा घरात आणतच नाही. व्हाइट सॉस कशाने दाट करू?

आधी मैद्याचं मूळ प्रमाण सांगते, म्हणजे बदल करताना हिशेब कळेल. एक कप दुधाला १ टेबलस्पून लोणी आणि १ टेबलस्पून मैदा घेतला, तर सॉस सरसरीत होतो, सूपसारखा. दोन्ही दोन-दोन टेबलस्पून घेतले तर बेक्ड व्हेजिटेबलला लागतो तसा दाट. पास्त्याला दीड-दीड बरोबर, पळीवाढा.

कणीक चालते. मैद्याएवढीच घ्या, पण चाळणीऐवजी मलमलच्या कापडातून चाळून कोंडा काढा आणि लोण्यावर दोन मिनिटं जास्त परता. रंग थोडा तांबूस येतो, चव खमंग लागते. मशरूमच्या सॉसला तर ती मला मैद्यापेक्षा जास्त आवडते.

तांदळाची पिठी चालते, प्रमाण मैद्याइतकंच. ती पूर्ण शिजली नाही तर जिभेवर कचकच लागते, म्हणून चांगली पाच-सात मिनिटं उकळू द्या. कॉर्नफ्लोअर घेतलं तर मैद्याच्या निम्मंच घ्यायचं, कारण त्याची दाट करण्याची ताकद दुप्पट असते. ते लोण्यावर परतायचं नाही. थंड दुधात कालवून उकळत्या दुधात सोडायचं आणि मिनिटभर उकळायचं. नाचणीच्या सत्त्वाने दाटपणा उत्तम येतो, फक्त ‘व्हाइट’ सॉस व्हाइट राहत नाही.

बेसनाबद्दल फार विचारणा होते. बेसनाने सॉस दाट होतो यात शंका नाही, पण चव थेट कढीकडे जाते. ते चक्क्याच्या सॉससाठी राखून ठेवा (प्रश्न ९).

६. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठच ना?

नाही. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते मक्याचं पांढरंशुभ्र सत्त्व, बोटांत धरलं की करकर वाजणारं. भाकरीचं मक्याचं पीठ पिवळसर असतं आणि त्याने सॉस खरखरीत होतो. अमेरिकेतल्या वाचकांनी दुकानात ‘कॉर्नस्टार्च’ मागावं. तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ मागितलं तर बारीक दळलेलं पीठच हाती येईल.

७. गुठळ्या होतातच. दूध गरम घालायचं की थंड?

दोन्हीपैकी काहीही चालतं, एकदम ओतू नका एवढंच. मैदा लोण्यावर मंद आचेवर परता. कच्चा वास गेला आणि मिश्रणाला बारीक जाळी पडली, की पातेलं आचेवरून खाली घ्या. पहिलं पाव कप दूध घालून पूर्ण एकजीव करा. या वेळी ते एखाद्या घट्ट गोळ्यासारखं दिसेल, घाबरू नका. मग पुन्हा पाव कप, पुन्हा एकजीव. गोळ्याचं पातळ भज्याचं पीठ झालं, की उरलेलं दूध एकदम घातलं तरी चालतं. आता पातेलं पुन्हा आचेवर ठेवा आणि उकळी येईपर्यंत हलवत राहा. उकळी आल्याशिवाय सॉस किती दाट झाला ते कळत नाही, त्यामुळे आधीच घाईने आणखी मैदा घालू नका.

यासाठी व्हिस्क नसेल तर लहान रवी घ्या. पातेल्याच्या तळाशी टेकवून घुसळली की गुठळ्या मोडतात. तरीही राहिल्याच तर गाळून घ्या.

८. काजूची पेस्ट किती घालायची? आणि काजू परवडत नाहीत, त्याला पर्याय?

पाव कप काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी टाका, पाऊण कप ताज्या पाण्यात गंधासारखे बारीक वाटा. हे एक कप पातळ क्रीमच्या जागी चालतं. काजूत स्वतःचा स्टार्च असतो, त्यामुळे पेस्ट शिजताना आणखी दाट होते. पाणी हाताशी ठेवा. पेस्ट खाली लागतेही पटकन, म्हणून हलवत राहा.

अख्खे काजू वाटायला वापरू नका. तुकडा काजू स्वस्त मिळतो, आणि वाटल्यावर दोघांत काहीही फरक उरत नाही. त्याहून स्वस्त हवं असेल तर मगज बी. ती निम्मी आणि काजू निम्मे घेतले तर चव छान राहते. मगज आधी एक-दोन दाणे चावून बघा, जुनी झाली की कडवट लागते आणि सगळा सॉस कडू करते. भिजवून सोललेले बदाम चालतात, पण कितीही वाटले तरी किंचित रवाळ राहतात. खसखस वाटूनही दाटपणा येतो, मात्र दुबई-अबुधाबीकडच्या आणि सिंगापूरच्या वाचकांनी हा पर्याय सोडून द्यावा. तिथे खसखस आणायला बंदी आहे, भारतातून बॅगेत नेऊ नका.

९. दही घातलं की सॉस फाटतो. तरी दह्यानेच करायचा असेल तर?

दही आधीच आंबट असतं, त्यातलं प्रथिन जमून आलेलं असतं. उष्णता लागली की ते आणखी आकसतं आणि पाणी सोडतं. आपल्या कढीत बेसन का असतं, याचं हेच उत्तर आहे. बेसनातला स्टार्च त्या कणांच्या मध्ये येतो आणि त्यांना घट्ट होऊ देत नाही.

तेच सॉसमध्ये करा. दही ताजं, गोडसर, फुल क्रीम दुधाचं घ्या आणि कापडात दोन तास टांगून चक्का करा. एक कप चक्क्याला १ टीस्पून कॉर्नफ्लोअर किंवा बेसन लावून फेटा. फ्रीजमधून काढून थेट कढईत घालू नका. सॉसमधला एक डाव गरम रस चक्क्यात मिसळा, मग चक्का कढईत सोडा. आच मंद, आणि वाफ यायला लागली की बंद. बेसन वापरलं असेल तर ते शिजायला हवं, म्हणून अगदी हलकी उकळी येऊ द्या.

रेसिपीत ‘सावर क्रीम’ असेल आणि ते न शिजवता वर घालायचं असेल, तर पाऊण कप चक्का आणि पाव कप ताजी साय एकत्र फेटा. याला स्टार्चची गरज नाही.

१०. पनीर वाटून क्रीमी सॉस होतो का?

होतो, आणि पोटभरीचा होतो. शंभर ग्रॅम मऊ, ताजं पनीर आणि पाऊण कप कोमट दूध मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. मधेच थांबलात तर रवाळ राहतं. फ्रीजमधलं कडक पनीर असेल तर आधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. पनीर चीजसारखं वितळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. आम्लाने फाडलेलं असल्यामुळे ते कितीही तापवलं तरी वितळत नाही, जे काय मऊ करायचं ते मिक्सरमध्येच.

११. नारळाचं दूध?

चव लपत नाही, हे मान्य करून घाला. लसूण, मिरची, कढीपत्ता, कोळंबी, लाल भोपळा यांच्याबरोबर सुरेख लागतं. ओरेगॅनो आणि चीजबरोबर विचित्र लागतं. पहिलं दाट दूध शेवटी घाला आणि खळखळ उकळू नका, फुटून तेल वेगळं होतं.

१२. पिंक सॉसमध्ये टोमॅटोमुळे क्रीम फुटतं. काय चुकतं?

क्रम चुकत असतो. टोमॅटोची प्युरी तेल सुटेपर्यंत आटवून घ्या. पाणी कमी झालं आणि आंबटपणा थोडा शांत झाला, की आच अगदी मंद करा. क्रीम किंवा साय खोलीच्या तापमानाला आलेली हवी. तिच्यात आधी २ चमचे टोमॅटो सॉस मिसळा, मग ती कढईत घाला. घातल्यावर उकळी आणू नका.

क्रीमऐवजी नुसतं दूध घालणार असाल तर ते फाटणारच. तिथे दुधाचा व्हाइट सॉस आधी वेगळा करा (प्रश्न ५) आणि तो टोमॅटोत मिसळा. मैद्यामुळे तो तग धरतो. टोमॅटो फारच आंबट असतील तर चिमटीच्या टोकावर राहील एवढा खायचा सोडा प्युरीत घाला. फेस येऊन बसला की आम्ल कमी झालेलं असतं. जास्त घातलात तर साबणासारखी चव येते.

सॉस फुटलाच तर आचेवरून काढा, १ टीस्पून कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून थंड दुधात कालवून घाला, मिक्सरमधून फिरवा आणि एक मिनिट मंद शिजवा. पूर्वीइतका मुलायम नाही झाला तरी मिळून येतो.

१३. आल्फ्रेडोला पार्मेझान लागतं. ते महाग, शिवाय शाकाहारी नाही असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध जमवून घट्ट करणाऱ्या पदार्थानेच) करतात, त्यामुळे ते शाकाहारी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते वेगळ्या रेनेटने केलेलं त्या धर्तीचं चीज आहे.

रोममधल्या मूळ आल्फ्रेडोत क्रीम नव्हतंच. लोणी, पार्मेझान आणि पास्ता उकळलेलं पाणी, बस. त्या पाण्यातला स्टार्च लोणी आणि चीजला एकत्र धरतो. म्हणून पास्त्याचं पाणी कधीच सगळं ओतून देऊ नका, कपभर बाजूला ठेवा. बदली चीज वापरताना तर त्याची गरज जास्तच असते.

घरी प्रोसेस्ड चीजचे क्यूब वापरले तर सॉस सहज गुळगुळीत होतो, कारण त्यात चीज फुटू नये म्हणून खास क्षार घातलेले असतात. दोन जणांच्या पास्त्याला दोन क्यूब पुरतात. मीठ शेवटी चाखूनच घाला. पार्मेझानची खमंग, खारट खोली त्याला नाही, ती थोडी भरून काढायला लोण्यावर लसूण खरपूस करा आणि मिरपूड ताजी कुटा. मोझरेला सॉसला नको, तारा सुटतात आणि गोळे होतात. कुठलंही चीज किसून, आच बंद करून, थोडं थोडं घाला.

१४. लोण्याऐवजी तूप किंवा तेल?

तूप जवळजवळ शुद्ध स्निग्धांश आहे, म्हणून १ टेबलस्पून लोण्याच्या जागी पाऊण टेबलस्पून. कणीदार तुपाचा वास सॉसवर बसतो, हे लक्षात घ्या. बिनवासाचं तेलही याच प्रमाणात चालतं. घरचं पांढरं लोणी सर्वांत छान. अमूलचं पिवळं लोणी खारट असतं, मीठ त्या बेताने.

१५. अंड्याशिवाय मेयोनीज कसं जमतं? माझं पातळच राहतं.

अंड्याचं काम तेल आणि पाणी बांधून धरण्याचं. ते दुधातलं प्रथिनही करतं. अर्धा कप फ्रीजमधलं थंड फुल क्रीम दूध, एक कप रिफाइंड सूर्यफूल तेल, अर्धा टीस्पून मोहरीची पूड, मीठ, हवी तर लसणाची पाकळी. दुधाच्या दुप्पट तेल, हे प्रमाण कमी केलंत की मेयोनीज पातळच राहणार. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच, तब्येतीच्या काळजीने तेल कमी घातलं जातं.

उंच, अरुंद भांड्यात सगळं घ्या. हँड ब्लेंडर तळाशी टेकवा, चालू करा आणि वीस सेकंद हलवू नका. खालून पांढरे ढग वर यायला लागले की सावकाश वर उचला. घट्ट झाल्यावर १ टेबलस्पून लिंबाचा रस घाला, आणखी घट्ट होईल. मिक्सर असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्या आणि तेल बारीक धारेने सोडा, भांडं तापलं की थांबा. घाण्याचं शेंगदाणा तेल वास मारतं, आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये कडू होतं.

दूध नको असेल तर सोया दूध याच प्रमाणात चालतं. बदामाच्या दुधात प्रथिन फार कमी असतं, त्याने जमत नाही. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून दाटसर केलं तर तेही बांधून धरतं. एका अंड्याच्या जागी ३ टेबलस्पून घ्या.

१६. मग अंड्याचं घरी करूच नये का?

कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. याच कारणाने केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर करू नका, दुधाचं मेयोनीज चवीला कुठेही कमी नाही. तेही फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

१७. उपासाला आणि जैन घरात क्रीमी सॉस चालेल असा?

उपासाला मैदा-कॉर्नफ्लोअर बाद. काजूची पेस्ट (प्रश्न ८) किंवा १ कप दुधाला २ टीस्पून आरारूट. आरारूट जास्त उकळलं तर बुळबुळीत होतं, दाट झालं की लगेच उतरवा. उकडलेल्या बटाट्यांवर असा सॉस, वर जिरं आणि मिरची. तुमच्याकडे उपासाला काय चालतं त्याप्रमाणे बदला. आणि खरं सांगायचं तर दाण्याची आमटी असताना उपासाला वेगळा क्रीमी सॉस शोधायची मला कधी गरज वाटली नाही.

जैन सॉसला लसणाऐवजी लोण्यावर चिमूटभर हिंग, आणि दाटपणासाठी बटाट्याऐवजी उकडून वाटलेलं कच्चं केळं.

१८. मुलीला ‘दूध चालत नाही’, नवऱ्याला ‘गहू चालत नाही’. एकच सॉस सगळ्यांना कसा करू?

आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, कारण ‘दूध चालत नाही’ याचे दोन अर्थ होतात. दुधातली साखर पचत नसेल तर तूप, जुनं कडक चीज आणि बऱ्याच जणांना दही चालतं. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर यातलं काहीच नको, तूपसुद्धा नको, त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो. मग तेल आणि काजूचा सॉस. काजूचीही अ‍ॅलर्जी असेल तर भिजवलेल्या सूर्यफुलाच्या बिया वाटा, किंवा उकडलेला फ्लॉवर त्याच्याच पाण्यात वाटा.

गहू चालत नसेल तर मैदा, कणीक, रवा हे तर सगळ्यांना कळतं. पण बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा मैदा असतो, तो निसटतो. डबीवर बघून घ्या. काजू, तेल, तांदळाची पिठी, लसूण, मिरपूड एवढ्यावर केलेला सॉस तुमच्या घरात दोघांनाही चालेल.

१९. करताना सॉस मस्त दाट होता, तासाभराने पाणी झाला. असं का?

कॉर्नफ्लोअरचा सॉस असणार. एक कारण आंबट: लिंबू किंवा व्हिनेगर घालून बराच वेळ उकळलं की स्टार्च तुटतो. आंबट नेहमी आच बंद केल्यावर घाला. दुसरं कारण चाखण्याचा चमचा. आपल्या लाळेत स्टार्च मोडणारं एन्झाइम असतं, उष्टा चमचा पुन्हा भांड्यात गेला की कोमट सॉस हळूहळू पातळ होतो. चाखायला दर वेळी वेगळा चमचा घ्या.

२०. आठवड्याचा एकदम करून फ्रीझरमध्ये ठेवू का?

काजूचा ठेवा, चांगला राहतो. कॉर्नफ्लोअरचा ठेवू नका, वितळल्यावर स्पंजसारखा होऊन पाणी सोडतो. मैद्याचा थोडाफार तसाच वागतो, पण गरम करताना दूध घालून रवीने घुसळला तर वापरण्याजोगा होतो. चक्क्याचा आणि मेयोनीज अजिबात नाही. फ्रीजमध्ये व्हाइट सॉस दोन दिवस राहतो. वर साय धरू नये म्हणून पृष्ठभागाला लोण्याचा हात लावून झाका, आणि गरम करताना कपाला २-३ टेबलस्पून दूध घाला.